बी उगवलं नाही, तर दाद कोणाकडे मागायची?



खरीप तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. महिनाभराने आमच्या कचेरीपुढेही गर्दी होते. दुकानापुढच्या माणसाच्या हातात पैसे असतात, कचेरीपुढच्या माणसाच्या हातात बहुधा काहीच नसते. ना पावती, ना पिशवी, ना चिठ्ठी. नुसता राग असतो. तो राग खोटा नसतो, पण त्याचा पंचनामा करता येत नाही. म्हणून पेरणीच्या आधीच हे चार शब्द लिहीत आहे.

२०२० सालच्या जूनची अखेर होती. कोरोनाचे दिवस, कचेरीत जो तो तोंडाला फडके बांधून दूर दूर उभा. अशात एक मावशी आल्या. वय साठीच्या घरात. पदराच्या गाठीतून त्यांनी मूठभर ओली माती काढून माझ्या टेबलावर ठेवली. मातीत सोयाबीनचे दाणे होते; फुगलेले, काही चिकट झालेले, मोड मात्र एकालाही नाही.

"सायेब, आज नववा दिस. तासंच्या तासं मोकळी हायेत. आता म्या काय करावं?"

त्यांच्या मागोमाग त्याच गावचे एक तात्या आले. बारा एकरांचे खातेदार, गावात शब्दाला वजन. त्यांचीही तीच तक्रार. दुकान तेच, वाण तोच, माल एकाच गाडीतून उतरलेला. मी दोघांनाही एकच विचारले, "पावती आहे का? पिशव्या आहेत का?"

मावशींनी कापडी पिशवीतून रेशनकार्ड काढले आणि त्याच्या घडीतून पावती काढून दिली. "पिशव्या घरी खुंटीला हायेत. एकीत दोनेक किलो बी बी उरलंय." मला नवल वाटलेले त्यांनी ओळखले असावे. म्हणाल्या, "मालक होते तवा कागदाचं तेच बघायचे. ते गेल्यावर कुणी म्हणालं हितं अंगठा कर, कुणी म्हणालं तितं कर. तवापासून म्या एक बी कागद टाकीत नाही."

तात्या म्हणाले, "पावती कशाची साहेब? दुकान आमच्या सोयऱ्याचं. माल उधारीवर. दिवाळीला सोयाबीन घातलं की हिशेब मिटला." आणि पिशव्या? दोन गोठ्याच्या गळतीखाली लावल्या होत्या. बाकीच्या पेरणीला आलेल्या बायांनी खोळ करून डोक्यावर घेतल्या आणि घरी नेल्या.

पुढे काय झाले ते सांगतोच, पण आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण पुष्कळांची समजूत अशी की, बियाणे म्हणजे काही भांडे किंवा कापड नव्हे. ते एकदा मातीत गेले की परत कसले करता? माल परत करायचा तर तो हातात तरी पाहिजे. ही समजूत चुकीची आहे.

१९८६ साली आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा आता २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून लागू आहे. या कायद्यात 'दोष' म्हणजे काय, ते सांगितले आहे: मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता किंवा ताकद जितकी असायला हवी त्यात कसलीही उणीव. पिशवीवर उगवण किमान ७० टक्के लिहिली आहे आणि उगवते ४५ टक्के, हा सरळसरळ दोष झाला. धंद्यासाठी किंवा पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी ज्याने माल घेतला, तो ग्राहकच. शेतकरी त्यातच मोडतो.

यावर कंपन्यांनी कोर्टात पुष्कळ वाद घातला. अखेर आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये निकाल दिला. दावे खुद्द राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध होते. निगमाचे म्हणणे असे, की बियाण्यांचा वेगळा कायदा आहे, तेव्हा शेतकऱ्याने ग्राहक मंचाकडे येऊच नये. आणि आला तरी त्याने बियाणे प्रयोगशाळेत तपासून घेतलेले नाही. न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. बियाणे कायद्यात शेतकऱ्याला नुकसानभरपाई देण्याची सोयच नाही, मग त्याने ग्राहक कायद्याखाली का मागू नये? आणि शेतकरी सगळे बी पेरून टाकतो, तपासणीसाठी काही मागे ठेवील अशी अपेक्षाच गैर आहे. उलट १९६८ च्या बियाणे नियमांप्रमाणे बियाणे विकणाऱ्याने प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवायची असते आणि नमुनाही जपायचा असतो. तो लॉट संपूर्ण विकून झाल्यावर वर्षभराने नमुना टाकून दिला तरी चालतो, त्याआधी नाही. म्हणजे नमुना कंपनीकडे असतोच. तिने तो पुढे करावा.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग आम्ही कशाला पिशवी सांभाळायची? सांभाळायची ती एवढ्यासाठी, की 'हेच बी मी याच दुकानातून घेतले' हे दाखवायला तुमच्याजवळ दुसरे काही नाही. नमुना कंपनीकडे असला तरी तो कोणत्या लॉटचा मागायचा? लॉट नंबर पिशवीच्या चिठ्ठीवर आणि पावतीवर असतो. चिठ्ठी गेली की सर्वोच्च न्यायालयाचा निकालही कुठे लावायचा कळत नाही.

आता पावतीविषयी. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशात स्पष्ट म्हटले आहे की, विक्रेत्याने बियाणे घेणाऱ्याला रोखीची किंवा उधारीची पावती द्यायचीच आहे. 'उधारीची' हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवा. उधारीवर माल घेतला म्हणून पावती दिवाळीला, असे कायद्यात कोठेही नाही. ग्राहक कायद्यात तर पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

पण गावात कायदा माहीत असून भागत नाही, हे मलाही कळते. दुकानदार परका नसतो. लग्नकार्यात आपल्या पंगतीला बसणारा, अडीनडीला खताची दोन पोती उधार देणारा. त्याच्याकडे पावती मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे वाटते. मी तात्यांना त्या दिवशी सांगितले तेच इथे लिहितो. पावती सोयऱ्याविरुद्ध नसते. बियाणे त्याने थोडेच तयार केले? सीलबंद पिशवी आली तशी विकली, एवढाच त्याचा भाग असेल, तर जबाबदारी मुख्यतः उत्पादक कंपनीवर येते. बऱ्याच निकालांत तसे झालेले आहे. पक्की पावती असली की दुकानदारही सुटतो. कच्च्या चिठ्ठीवर धंदा करणाऱ्या दुकानदाराला मात्र पावतीची भीती वाटते, आणि ती कशाची असते ते सांगायला नको.

या बाबतीत मी तरी कुठे शहाणा होतो? वडिलांच्या विहिरीवर बसवायला मी जिल्ह्याच्या गावाहून पाणबुडी मोटार आणली. दुकानदार म्हणाला, "साहेब, पक्कं बिल केलं तर टॅक्स पडेल, बघा." मी बघितले, आणि टॅक्सचे पैसे वाचवले. अकराव्या दिवशी मोटार जळाली. बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत, तिथून टेम्पोने दुकानात नेली, तर तो मला विचारतो, "ही आमच्याकडचीच कशावरून?" कृषी पदवीधर माणूस, गावोगावी सभांतून पावती घ्या म्हणून सांगणारा, मी तिथे गप्प उभा राहिलो. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी टॅक्सचे किती वाचले ते विचारले. वडील काही बोलले नाहीत, पण ऊस वाळत होता.

असो. मावशींकडे वळू.

त्यांच्याकडून मी तिथेच अर्ज लिहून घेतला. अर्ज कसा करावा, हे पुष्कळांना कळत नाही. काही जण पानभर दुःख लिहितात आणि लॉट नंबर लिहायचा विसरतात. साध्या कागदावर लिहा. आपले नाव, गाव, गट नंबर, किती क्षेत्रावर पेरले. बियाणे कोणत्या दुकानातून कोणत्या तारखेला घेतले, पावती नंबर, कंपनी, वाण, लॉट नंबर, किती पिशव्या. पेरणीची तारीख, पेरणीआधी पाऊस किती झाला होता, पेरणी तिफणीने केली की ट्रॅक्टरने. आणि कितव्या दिवशी काय दिसले. 'बियाणे सदोष असल्याने उगवण झाली नाही, पाहणी करून अहवाल द्यावा' एवढे लिहून सही करा. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या, एक प्रत पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे. तिसरी प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर कचेरीचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय जिना उतरू नका. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात.

लेखी अर्ज आला की बियाणे निरीक्षकाला हात बांधून बसता येत नाही. नियमाप्रमाणे त्याने पिशवी, चिठ्ठी, उरलेले बी ताब्यात घेऊन त्या लॉटचा नमुना तपासणीला पाठवायचा असतो. आपल्या राज्यात पुणे, परभणी आणि नागपूर येथे बियाणे तपासणी प्रयोगशाळा आहेत. शिवाय तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येते. तीत कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांबरोबर विद्यापीठाचे वा संशोधन केंद्राचे तज्ज्ञही असतात.

पण समितीला यायला वेळ लागतो आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. त्या वर्षी मराठवाड्यात आणि विदर्भात तक्रारी हजारांनी आल्या होत्या. औरंगाबाद खंडपीठाने त्याची आपणहून दखल घेतली होती. आमचे लोक रोज तीन-तीन गावे करीत होते. अशा वेळी शेतकऱ्याची खरी कोंडी होते. थांबावे तर वापसा जातो आणि दुबार पेरणीही हुकते. मोडून पेरावे तर पुरावा जातो. मावशींना मी सांगितले, "तीन एकरांतली दहा-बारा तासं बांधाच्या कडेने तशीच ठेवा. बाकीच्या रानाचे मोबाइलवर फोटो घ्या, तलाठी नाही तर सरपंच आणि दोन शेजारी यांना उभे करून साधा पंचनामा लिहा. मग खुशाल मोडा." त्यांनी भावाकडचे घरचे बी आणून पेरले. चौथ्या दिवशी समिती गेली तेव्हा ती दहा-बारा तासं साक्षीला होती. आम्ही जागोजागी मीटरभर तास मोजून त्यातली रोपे मोजली, माती उकरून दाणे किती खोल पडलेत ते पाहिले.

तात्यांनी त्याआधीच सगळे रान मोडले होते. समिती बांधावर उभी राहिली आणि नव्या पेरणीकडे बघून परत आली.

आता जरा कडू बोलतो. उगवण झाली नाही की दोष बियाण्याचाच, असे नसते. त्याच आठवड्यात मी शेजारच्या गावी एका तरुण शेतकऱ्याच्या रानात गेलो. बी चांगले होते. पण त्याने ट्रॅक्टरने तीन-साडेतीन इंच खोल पेरले आणि वरून मोठा पाऊस पडून पापुद्रा बसला. कोंब वर येता येता वाकून मेले होते, ते उकरल्यावर दिसले. मी अहवालात तसे लिहिले. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण खोटे लिहून त्याचाही फायदा नव्हता. हरियाणातल्या एका बियाणे महामंडळाच्या दाव्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे की, पीक कमी-जास्त येण्याची कारणे पुष्कळ. अहवालात बियाणेच निकृष्ट असल्याचे स्पष्ट म्हटले नसेल तर दोष बियाण्यावर टाकता येत नाही. म्हणून समिती आली की तिच्यामागे उभे राहा. 'उगवण कमी' एवढेच लिहून सही होत असेल तर नम्रपणे विचारा, "साहेब, कारण काय ते लिहा." ओल, खोली, पाऊस, बियाणे, चारही गोष्टी अहवालात याव्यात.

सोयाबीनचे बी तसे नाजूक. टरफल पातळ, आतला कोंब कडेलाच. टेम्पोतून पिशवी आदळली, उन्हात थप्पी लावली, की उगवणशक्ती गेली. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला, भिजलेल्या मालातून बियाणे निघाले, त्याचा फटका पुढच्या खरिपात बसला. म्हणून माझे सांगणे असे की, पिशवी आणल्यावर ती तशीच कोपऱ्यात टाकू नका. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. पाच ते आठ दिवसांत चांगले कोंब किती आले ते मोजा. सत्तर आले तर पेरा. त्याहून बरेच कमी आले, तर पिशवी शिवणीसह परत करता येते, आणि तेव्हा पाऊसही हातचा गेलेला नसतो. माझ्या मते सगळ्या कायद्याहून हे गोणपाट शेतकऱ्याच्या जास्त कामाचे आहे. घरातल्या माउल्यांनी हे काम अंगावर घ्यावे. पुरुषमंडळी दाणे मोजायला बसत नाहीत, हा माझा अनुभव आहे. पेरणीसुद्धा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नका, आणि बी दीड-दोन इंचांच्या खाली जाऊ देऊ नका.

तपासणीसाठी दाणे काढताना पिशवी चिठ्ठी लावलेल्या तोंडाने फोडू नका. खालच्या बाजूने उसवा. वरची शिवण, शिसे आणि चिठ्ठी जशीच्या तशी राहिली पाहिजे. चिठ्ठी निळी असेल तर बियाणे प्रमाणित आहे, हिरवट असेल तर कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावलेले, म्हणजे सत्यप्रत. दोन्हीवर उगवणीचा आकडा, तपासणीची तारीख आणि कधीपर्यंत वापरावे ती मुदत असते. घेतानाच वाचा. मुदत संपलेली पिशवी स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. खताच्या पोत्यावरचा बॅच नंबर आणि औषधाच्या बाटलीवरची मुदत यांचेही तेच. बाटली रिकामी झाली तरी फवारणीचा परिणाम दिसेपर्यंत टाकू नका. मात्र ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा.

मावशींच्या बियाण्याचा अहवाल आला; उगवण ४८ टक्के. कंपनीचा माणूस नव्या तीन पिशव्या घेऊन त्यांच्या ओट्यावर आला. तोवर जुलै उलटत आला होता. मावशी त्याला म्हणाल्या, "बी परत देतोस बाबा, पण पाऊस परत देतोस का?" त्यांनी पिशव्या घेतल्या नाहीत. भाच्याला बरोबर घेऊन जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार केली.

या आयोगाची धास्ती बाळगू नका. वकील लावलाच पाहिजे असे नाही. घेतलेल्या मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी काही नाही. कंपनी हैदराबादची असो की आणखी कुठली, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची; ती उलटू देऊ नका. आयोग पैसे परत, माल बदलून, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई असे सगळे आदेश देऊ शकतो. निकाल न पटल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे जाता येते. कायद्यात निकाल तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात काय होते ते लपवत नाही. मावशींना जवळजवळ तीन वर्षे लागली. तारखेला जायचे म्हणजे एक रोज बुडायचा, एसटीचे भाडे वेगळे. बियाण्याची किंमत, पेरणीचा खर्च, उत्पन्नातली घट आणि तक्रारीचा खर्च धरून ४१ हजार रुपये मिळाले. गेलेला हंगाम त्यात भरून आला असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी त्यातून गोठ्यावर पत्रे घातले, हे खरे.

हाच कायदा घरातल्या वस्तूंनाही लागू आहे, म्हणून गृहिणींसाठी थोडे सांगतो. पावतीखाली छापलेले असते, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' हे वाचून आपण गप्प बसतो. पण २०१९ च्या कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणे ही अनुचित प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत दुकानदाराने माल परत घेतला पाहिजे. मिक्सरमधून धूर निघाला, कुकरचे झाकण बसत नाही, शिलाई मशीन टाके सोडते, हे सारे दोष. लुगड्याचा रंग घरी आल्यावर आवडला नाही, हा मात्र दोष नव्हे. तिथे दुकानदाराची मर्जी. मोबाइलवरून मागवलेल्या वस्तूंनाही सदोष असल्यास परत घेण्याचे बंधन २०२० च्या नियमांनी घातले आहे. पुडके फोडताना मुलाला त्याचे चित्रीकरण करायला सांगा, उगाच वाद राहत नाही.

आणखी एक गोष्ट. वस्तू बिघडलेली निघाली की ती वापरत राहू नका आणि घरी कोणाकडून उघडूनही घेऊ नका. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे खरेदीदाराला माल तपासून नाकारता येतो. पण वाजवी मुदतीत काही न कळवता तो ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. नाकारलेला माल दुकानापर्यंत पोहोचवण्याचीही सक्ती नाही. 'माल सदोष आहे, मी तो स्वीकारत नाही' असे कळवले तरी पुरते. माझी मोटार मी गाडी करून उगाच नेली. पावती असती तर एक नोंदणी डाकेचे पत्र पुरले असते. पत्रानेही काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवा. मराठीतही बोलता येते.

तात्यांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्यांनी त्या वर्षी दुबार पेरणीसाठी सावकाराकडून पैसे काढले. सोयऱ्याशी बोलणे वर्षभर बंद होते. भरपाई मिळाली नाहीच, वर नाते दुखावले. मागच्या जूनमध्ये मी त्याच दुकानात तपासणीला गेलो, तर तात्या काउंटरपाशी उभे. सोयरे पावती लिहीत होते आणि तात्या पिशवीवरचा लॉट नंबर एकेक आकडा करून मोठ्याने वाचून दाखवत होते. माल उधारीवरच होता. पावतीवर तसे लिहिले होते आणि दोघांच्या सह्या होत्या.

मला बघून तात्यांनी विचारले, "साहेब, रिकाम्या पिशव्या मळणीपर्यंत ठेवायच्या म्हणता, पण घरात उंदरं फार. चिठ्ठी कुरतडली तर?"

मी म्हटले, "मग आढ्याला टांगा, तात्या. आणि चिठ्ठीचा एक फोटो नातवाच्या मोबाइलात राहू द्या."